वाचकांचे प्रश्न : बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायला सोबत काय न्यावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. बोर्डावर सोल्डर केलेला मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचे काम चालवणारी चिप) न काढता, तो आहे तिथेच त्यात प्रोग्रॅम टाकायचा असेल तर कोणते साधन, म्हणजे कोणता 'प्रोग्रॅमर', घ्यावा, असे तिघांनीही विचारले आहे. एक वाचक विहिरीवर जाऊन काम करतात, दुसऱ्यांचा लहान कारखाना आहे आणि तिसरा विद्यार्थी आहे. साधनाची निवड चिपच्या नावाइतकीच कामाच्या जागेवर आणि बोर्डाच्या वीजपुरवठ्यावर अवलंबून असते, त्यामुळे तिघांना सरसकट एकच उत्तर देता येत नाही.

प्रश्न : आमच्या भागात द्राक्षबागांच्या पंपांवर मोबाइलवरून चालणारे स्टार्टर बसवलेले आहेत आणि त्यांची दुरुस्ती मी करतो. कंपनीकडून फर्मवेअरची (चिपमधल्या प्रोग्रॅमची) नवी फाइल आली की विहिरी-विहिरींवर फिरून ती टाकावी लागते. जुन्या बोर्डांवर एटीमेगा३२८पी चिप आहे, नव्यांवर एसटीएम३२एफ१०३ आहे आणि एखादा बोर्ड पीआयसी कुटुंबातल्या चिपचाही निघतो. सगळ्या चिप चालवणारा एकच 'युनिव्हर्सल' प्रोग्रॅमर घ्यावा की प्रत्येकीसाठी वेगळा? लॅपटॉप न नेता काम भागेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : फाइल टाकताना स्टार्टरला थ्री फेजचा पुरवठा चालू असतो की बंद, हे आपल्या पत्रात आलेले नाही. माझ्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे, म्हणून साधनांकडे वळण्याआधी त्याबद्दल लिहितो.

स्वस्त स्टार्टरच्या बोर्डांवर बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरच्या साहाय्याने किंवा विलगीकरण (मुख्य विजेपासून विद्युतदृष्ट्या वेगळे राखणे) नसलेल्या छोट्या आयसीच्या साहाय्याने दोन फेजमधल्या सुमारे ४१५ व्होल्टमधून थेट ५ किंवा ३.३ व्होल्ट काढलेले असतात. अशा बोर्डाचे 'ग्राउंड' हे जमिनीच्या पातळीवर नसून एखाद्या फेजच्या पातळीवर असते. त्याला प्रोग्रॅमर जोडून यूएसबी केबल लॅपटॉपला लावली, की लॅपटॉपच्या यूएसबीचे धातूचे कवच आणि बहुधा त्याचा बाहेरचा धातूचा भागही त्या फेजशी जोडला जातो. लॅपटॉप बॅटरीवर आहे म्हणून धोका नाही ही समजूत फार घातक आहे. बॅटरीवर असलेला लॅपटॉप कदाचित वाचेल, परंतु ओल्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाने त्याला हात लावला की परिपथ त्याच्या शरीरातून पूर्ण होतो. लॅपटॉप अर्थिंग असलेल्या चार्जरवर असेल तर बोर्ड, प्रोग्रॅमर आणि लॅपटॉपचे पोर्ट एका क्षणात जळते.

बोर्ड कोणत्या प्रकारचा आहे ते घरी तपासून घ्या. पुरवठ्याच्या सर्व तारा सोडवून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला आणि दुसरे आर, वाय, बी या टर्मिनलना एकेक करून लावा व टोके उलटसुलट करूनही पाहा. कुठल्याही बाजूने ०.५ ते ०.६ व्होल्टच्या आसपास वाचन आले, तर ग्राउंड आणि फेज यांच्यामध्ये केवळ रेक्टिफायरचा डायोड आहे असे समजा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या बोर्डावर असे वाचन येणार नाही. मात्र फेज गेल्याचे ओळखण्यासाठी मोठ्या किमतीचे रोधक टर्मिनलपासून चिपपर्यंत आणलेले असू शकतात, शिवाय बोर्डावरचा फ्यूज उडालेला असला तरी मल्टिमीटर फसवे वाचन देतो. त्यामुळे शंका उरली तर विलगीकरण नाही असेच धरून चाला.

शेतीच्या फीडरची वीज ठरावीक वेळी येते आणि कधी कधी अवेळीही येते. म्हणून "आत्ता लाइट नाही" एवढ्यावर विसंबून बोर्डाला हात लावू नका. मेन स्विच पाडून तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून खिशात ठेवा आणि मगच केबल जोडा. फाइल टाकण्यासाठी बोर्डाला थ्री फेज लागतच नाही, ३.३ किंवा ५ व्होल्ट बाहेरून दिले की काम होते. प्रवाहमापन तपासण्यासारख्या एखाद्या कामाला पुरवठा चालू ठेवणे भागच असेल, तर मध्ये यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीच्या वाटेत विलगीकरण करणारे साधन, हवा. एडीयूएम३१६० किंवा एडीयूएम४१६० या आयसींवर बनवलेली छोटी मॉड्यूल मिळतात व ती १२ मेगाबिटच्या फुल स्पीड यूएसबीपर्यंत चालतात, जे आपल्या कामाला पुरेसे आहे. विकत घेताना आयसीच्या दोन बाजूंच्या तांब्यामध्ये मोकळी पट्टी राखली आहे का ते पाहा. आयसी काही हजार व्होल्ट सोसणारी असली, तरी तिच्याखालून ट्रॅक नेला असेल तर मॉड्यूलचा उपयोग नाही. एसटीएम३२ चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीचा एसटी-लिंक व्ही२-आयसोल हा अंगचेच विलगीकरण असलेला प्रोग्रॅमरही मिळतो, पण तो फक्त एसटीच्या चिपसाठी आहे.

आता बाहेरून द्यायच्या पुरवठ्याबद्दल. आपल्या बोर्डावर जीएसएम मॉड्यूल आहे आणि टॉवर शोधताना तसले मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. हातातले प्रोग्रॅमर जेमतेम काही दहा मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेले असतात, उदाहरणार्थ मायक्रोचिप कंपनीचा पिककिट ४ हा प्रोग्रॅमर सुमारे ५० मिलिअँपिअर देतो. प्रोग्रॅमरवरूनच बोर्ड चालवला, की फाइल टाकेपर्यंत सारे ठीक दिसते, कारण तोवर चिप रीसेटमध्ये असते आणि जीएसएम बंद असते. नवा प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने जीएसएम चालू केले, की व्होल्टेज कोसळते, चिप पुन्हा रीसेट होते आणि हे चक्र चालू राहते. नवी फाइलच बिघडलेली आहे असे वाटून माणूस पुन्हा पुन्हा तीच फाइल टाकत बसतो. म्हणून ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर पॉवर बँकेतून, आणि जीएसएमसाठी वेगळी लिथियम सेलची वाट असेल तर भरलेला सेल लावून बोर्डाला स्वतंत्र पुरवठा द्या. प्रोग्रॅमरचे ग्राउंड आणि संकेतांच्या तारा तेवढ्या जोडा. पॉवर बँक घेताना कमी प्रवाहावर आपोआप बंद न होणारी घ्या. अनेक पॉवर बँका थोडा प्रवाह पाहून 'मोबाइल भरला' असे समजतात आणि फाइल अर्धी टाकून झालेली असताना पुरवठा तोडतात.

एवढे झाल्यावर साधनांचा विचार सोपा होतो. बाजारात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारे प्रोग्रॅमर मुख्यतः सुटी चिप सॉकेटमध्ये बसवून काम करण्यासाठी असतात. हजारो चिपची यादी त्यांच्या खोक्यावर असते, पण बोर्डावरच्या चिपसाठीची जोडणी ही त्यांची दुय्यम सोय असते आणि त्या यादीतल्या किती चिप बोर्डावर असताना चालतात हे वेगळे पाहावे लागते. दुकानात टेबलावर बसून दुरुस्ती करणाऱ्याला ते उपयोगी आहेत. आपल्या फिरतीच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

आपण दोन साधने घ्यावीत. एटीमेगा आणि पीआयसी या दोन्ही आता मायक्रोचिपच्याच चिप आहेत, कारण २०१६ मध्ये मायक्रोचिपने एटीमेगा बनवणारी अ‍ॅटमेल कंपनी विकत घेतली. त्यामुळे पिककिट ४ किंवा पिककिट ५ यांपैकी एकाने दोन्ही कुटुंबांचे काम होते, फक्त आपल्याकडचे नेमके चिप-क्रमांक त्यांच्या यादीत आहेत ना, ते आधी पडताळा. एसटीएम३२साठी एसटीचा स्वतःचा लहान प्रोग्रॅमर, उदाहरणार्थ एसटीलिंक-व्ही३मिनीई, किंवा अधिक खर्चाची तयारी असल्यास सेगर कंपनीचा जे-लिंक घ्यावा. पीआयसीचे बोर्ड क्वचितच येत असतील आणि पैसे वाचवायचे असतील, तर एटीमेगासाठी यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर पुरेसा आहे. थॉमस फिशल यांनी खुला केलेला तो आराखडा असल्याने अनेक जण तो बनवतात आणि तो अगदी स्वस्त मिळतो. पण त्यावरचा ५ व ३.३ व्होल्टचा जंपर बहुतेक नमुन्यांत फक्त पुरवठ्याची तार बदलतो. संकेतांच्या तारांवर ५ व्होल्टच राहतात. बोर्डावर ३.३ व्होल्टची मेमरी किंवा रेडिओ त्याच तारांवर असेल, तर ती चिप त्यामुळे बिघडू शकते. एटीमेगाचे आपले जुने बोर्ड ५ व्होल्टचे असतील तर ही अडचण नाही.

पेन ड्राइव्हच्या आकाराचे, एसटी-लिंक व्ही२ या नावाने मिळणारे नकली प्रोग्रॅमर बाजारात सर्वत्र आहेत आणि अनेकांचे त्यावर भागते, हे मान्य आहे. पण त्यांच्या कवचावर छापलेला पिनांचा क्रम आणि आतल्या बोर्डावरचा क्रम दरवेळी जुळत नाही. ते घेतलेच तर पहिल्या दिवशी कवच सरकवून आतली छपाई वाचा. आणखी एक फरक लक्षात ठेवा. अस्सल एसटी-लिंकची व्होल्टेजची पिन ही बोर्डाचे व्होल्टेज 'पाहण्यासाठी' असते, ती पुरवठा देत नाही. नकली प्रोग्रॅमरची ३.३ व्होल्टची पिन मात्र पुरवठा देते. एकाची सवय झालेल्याने दुसरा हातात घेतला, की बोर्डाला दोन ठिकाणांहून पुरवठा जाण्याची किंवा मुळीच न जाण्याची वेळ येते.

लॅपटॉप न नेता काम करता येते. पिककिट ४ आणि ५ यांत मायक्रोएसडी कार्डावर फाइल ठेवून केवळ बटण दाबून ती टाकण्याची सोय आहे आणि पिककिट ५ ब्लूटूथने मोबाइलच्या अ‍ॅपशीही जोडता येतो. सेगरचा फ्लॅशर पोर्टेबल प्लस तर बॅटरीवर चालणारा आणि याच कामासाठी बनवलेला आहे, फक्त त्याची किंमत एकट्या दुरुस्तीकाराला परवडण्याजोगी नाही. तरीही आपण लॅपटॉप, जुना-लहान का होईना, सोबत न्यावा असेच मी सांगेन. विहिरीवर काही चुकले तर बटणाच्या साधनावर लाल दिवा एवढेच कळते. लॅपटॉपवर मात्र चिपने दिलेली ओळख दिसते आणि त्यावरून बरेच कळते. एटीमेगा३२८पीची ओळख १ई ९५ ०एफ अशी आहे. सगळी शून्ये किंवा सगळे एफ आले तर केबल, पुरवठा किंवा घड्याळ (चिपला ताल देणारे विद्युत ठोके) यांत दोष आहे. १ई ९५ १४ आले तर बोर्डावर 'पी' नसलेली एटीमेगा३२८ आहे, म्हणजे आधीच्या कोणीतरी चिप बदललेली आहे आणि जोडणीत दोष नाही. एसटीएम३२एफ१०३च्या जागी १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ अशी ओळख आली, तर ती एसटीची चिप नसून तिच्यासारखी दुसऱ्या उत्पादकाची चिप आहे, असे बहुतेक वेळा निघते. सॉफ्टवेअर अशा वेळी काम नाकारू शकते. लॅपटॉपवरची ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर घरी नेटवर असतानाच बसवून, एका जुन्या बोर्डावर चालवून पाहा.

जी गोष्ट सर्वांत जास्त नुकसान करते तिचा प्रोग्रॅमरच्या किमतीशी संबंध नाही. आपल्या स्टार्टरमध्ये मोटारीच्या ओव्हरलोडची मर्यादा, प्रवाहाचे कॅलिब्रेशन आणि मालकाचा मोबाइल क्रमांक कुठेतरी साठवलेला असतो. एटीमेगाच्या बोर्डांवर तो बहुधा ईईप्रॉममध्ये, म्हणजे चिपमधल्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या मेमरीत, असतो, आणि नवी फाइल टाकण्याआधी चिप पुसली जाते (चिप इरेज) तेव्हा, ईईसेव्ह नावाचा 'फ्यूज' (विजेचा फ्यूज नव्हे, चिपमधली एक सेटिंग) लावलेला नसेल तर, ईईप्रॉमही पुसले जाते. एसटीएम३२एफ१०३मध्ये वेगळे ईईप्रॉम नसते. अशी माहिती फ्लॅशच्या (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीच्या) एखाद्या पानात, बहुधा शेवटच्या, ठेवलेली असते आणि मास इरेज, म्हणजे सगळी फ्लॅश पुसणे, केले की तीही जाते. बोर्ड चालू होतो, मोबाइलला उत्तरही देतो, पण ओव्हरलोडची मर्यादा मूळ किमतीवर गेलेली असते आणि मोटार जळेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एटीमेगावर आधी ईईप्रॉम वाचून त्या विहिरीच्या नावाने फाइल करून ठेवा आणि फर्मवेअर टाकून झाल्यावर ते परत लिहा. एसटीएम३२वर संपूर्ण इरेज न करता फक्त लागणारी पाने पुसण्याचा पर्याय निवडा. वाचन-संरक्षण (चिपमधला प्रोग्रॅम बाहेरून वाचता येऊ नये म्हणून लावलेले कुलूप) लावलेले असेल तर ते काढताना सगळी फ्लॅश पुसली जाते. अशा बोर्डाच्या सेटिंग आधी स्क्रीनवरून किंवा एसएमएसने मागवून वहीत लिहून घ्या.

केबल १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा. सुट्या जंपर तारांपेक्षा रिबन केबल बरी. शेतातल्या बोर्डांवर लाखेचा थर दिलेला असतो आणि खतांच्या बाष्पाने उघड्या पिना हिरव्या पडतात. पिनांवरचा थर खरवडून, खोडरबराने घासून आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्याशिवाय जोडणीवर भरवसा ठेवू नका. एवढे करूनही एसटीएम३२ मधूनच तुटत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये एसडब्ल्यूडीचा (प्रोग्रॅमर एसटीएम३२शी ज्या दोन संकेत-तारांवरून बोलतो त्या जोडणीचा) वेग ४ मेगाहर्ट्‌झवरून काहीशे किलोहर्ट्‌झवर आणा. फाइलचा आकार पाहता एक-दोन सेकंदच जास्त लागतील.

प्रश्न : भोसरीत आमचा लहान कारखाना आहे. शीतगृहांसाठी तापमान नियंत्रक बनवतो, त्यात एसटीएम३२जी०३० आहे. महिन्याला साधारण पाचशे बोर्ड निघतात. सध्या अभियंता लॅपटॉप घेऊन बसतो, पण हे काम जुळणी करणाऱ्या ताईंकडे द्यायचे आहे. एका वेळी चार बोर्ड करणारा गँग प्रोग्रॅमर घ्यावा का?
— एक उद्योजक, पुणे

उत्तर : गँग प्रोग्रॅमर घेऊ नका. आपल्या चिपची फाइल ६४ किलोबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही आणि ती लिहून पडताळायला काही सेकंदच लागतात. खरा वेळ जातो तो बोर्ड उचलणे, जिगमध्ये (बोर्ड दाबून धरून त्याला पिना टेकवणाऱ्या साच्यात) बसवणे, दाबणे आणि बाजूला ठेवणे यात. दर बोर्डाला २० सेकंद धरली तरी पाचशे बोर्डांना पावणेतीन तास होतात. महिन्याचे काम एका दुपारी संपत असेल, तर चार वाहिन्यांच्या साधनात पैसे अडकवण्याचे कारण नाही. ते पैसे चांगल्या जिगसाठी वापरा.

साधन असे हवे की त्याला स्क्रीनची आणि माऊसची गरज पडू नये. फाइल साधनातच असावी, बटण एक असावे, हिरवा आणि लाल असे दोन दिवे लांबून दिसतील एवढे मोठे असावेत. लिहिल्यानंतर पडताळणी सक्तीची असावी आणि बोर्डाचे व्होल्टेज तपासल्याशिवाय साधनाने संकेत सोडू नयेत. प्रत्येक बोर्डाला अनुक्रमांक द्यायचा असेल तर तो साधनानेच द्यावा. सेगरच्या फ्लॅशर मालिकेत हे सारे तयार मिळते. खर्च कमी ठेवायचा असेल तर आपल्याकडे अभियंता आहे याचा फायदा घ्या. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला एसटी-लिंक जोडून त्यावर ओपनओसीडी हे प्रोग्रॅम टाकणारे सॉफ्टवेअर चालवावे आणि बटण-दिव्यांची एक छोटी स्क्रिप्ट लिहून ते खोक्यात बंद करावे. चिपची ओळख तपासणे, लिहिणे, पडताळणे, अनुक्रमांक घालणे, वाचन-संरक्षण लावणे आणि प्रत्येक बोर्डाची नोंद तारखेसह ठेवणे, एवढे त्या स्क्रिप्टने क्रमाने करावे. संरक्षण पातळी १चेच लावा. पातळी २ एकदा लावली की ती कायमची असते, मग ग्राहकाकडून परत आलेल्या बोर्डात नवी फाइल टाकण्याचा मार्गच उरत नाही. खोक्यात एका वेळी एकाच मॉडेलची फाइल ठेवा आणि नवी फाइल फक्त अभियंत्याने बदलावी. चुकीची फाइल गेलेले बोर्ड शोधायला जो वेळ लागतो त्यापुढे ही शिस्त सोपी आहे.

जिगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बोर्ड नापास होण्याचे प्रमाण बहुतेक त्यावरच ठरते. स्प्रिंगच्या पोगो पिना थेट जिगच्या पाटीत सोल्डर करू नका. त्यांच्यासाठी मिळणाऱ्या नळ्या पाटीत सोल्डर करून पिना त्यांत खोचा, म्हणजे झिजलेली पिन चिमट्याने ओढून दुसरी बसवता येते. पी७५ प्रकारच्या पिनेचा व्यास १.०२ मिलिमीटर असतो. तिच्यासाठी बोर्डावर १.५ मिलिमीटरचे गोल पॅड ठेवले तर बोर्ड थोडा सरकला तरी संपर्क टिकतो. बोर्डाच्या दोन स्क्रूच्या छिद्रांत जाणाऱ्या खुंट्या जिगवर बसवा आणि ती छिद्रे मुद्दाम असममित ठेवा, जेणेकरून बोर्ड उलटा बसणारच नाही. ग्राउंडची पिन इतरांपेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे ती आधी टेकते. सकाळी नीट चालणारा जिग दुपारनंतर नखरे करू लागला, तर आधी पिनांची टोके भिंगाखाली पाहा. सोल्डरिंगमधला फ्लक्स टोकांवर जमून तपकिरी पापुद्रा तयार झालेला दिसेल. पितळेच्या मऊ ब्रशने तो निघतो.

बोर्डाची पुढची आवृत्ती काढाल तेव्हा एसडब्ल्यूडीचे दोन संकेत, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यासोबत रीसेटलाही पॅड द्या. प्रोग्रॅमने चुकून एसडब्ल्यूडीच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या, तर चिप रीसेटमध्ये धरूनच तिच्याशी बोलता येते आणि तेव्हा तो पॅड नसेल तर बारीक तार सोल्डर करत बसावे लागते. प्रोग्रॅमिंगच्या पिनांवर दुसरे काही जोडणे टाळा. टाळता येत नसेल तर मध्ये १ ते ४.७ किलोओहमचा रोधक टाका. पुढे कधी पीआयसीकडे वळलात तर रीसेटच्या पिनेवर थेट कपॅसिटर ठेवू नका, तो प्रोग्रॅमिंगचे चढते व्होल्टेज दाबून टाकतो. सेवा-दुरुस्तीसाठी बाहेर जाणाऱ्या माणसाला जिग नेता येत नाही. त्याच्यासाठी टॅग-कनेक्टची सहा टोकांची टीसी२०३० केबल सोयीची आहे, तिला बोर्डावर कनेक्टर लागत नाही, फक्त पॅड आणि मार्गदर्शक छिद्रे लागतात. केबल आयात करावी लागते आणि महाग वाटते, पण दर बोर्डावरचा कनेक्टर वाचतो. तासगावच्या वाचकांच्या स्टार्टरवर अशी पॅड असती, तर हिरव्या पडणाऱ्या पिनांचा त्रासच उरला नसता, म्हणून शेतात जाणारे बोर्ड बनवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात ८०५१ कुटुंबातील एटी८९एस५२ वापरला आहे आणि मित्राच्या प्रकल्पात एटीमेगा३२८पी आहे. दोघांत मिळून एक यूएसबीएएसपी घेतला. मित्राची चिप नवी आहे, ती कधी लागते, कधी लागत नाही. माझी तर उत्तरच देत नाही. आम्ही दुसरा प्रोग्रॅमर घ्यावा का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : अजून नको. तुमच्याकडे आहे त्यातच दोन्ही कामे होण्यासारखी आहेत.

मित्राची चिप कारखान्यातून येते तेव्हा ती आतल्या घड्याळावर १ मेगाहर्ट्‌झने चालत असते, बोर्डावर १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावलेला असला तरीही. प्रोग्रॅमिंगचे घड्याळ चिपच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावे लागते, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्‌झच्या आत. यूएसबीएएसपीवर वेग कमी करण्याचा जंपर असतो, तो लावा. काही स्वस्त नमुन्यांत जुन्या फर्मवेअरमुळे जंपरचा परिणाम होत नाही, तेव्हा एव्हीआरड्यूड या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाचा पर्याय देऊन पाहा. क्रिस्टलचा फ्यूज एकदा लिहिला की पुढे वेग वाढवता येतो. फ्यूज लिहिताना रीसेटची पिन बंद करणाऱ्या आरएसटीडिसबल या फ्यूजला हात लावू नका. तो लागला की या मार्गाने चिपशी संपर्कच होत नाही, ती परत मिळवायला १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो.

तुमच्या चिपची अडचण वेगळी आहे. एव्हीआरला, म्हणजे मित्राच्या एटीमेगाच्या कुटुंबाला, रीसेट म्हणजे पिन खाली, शून्यावर आणणे. एटी८९एस५२ला रीसेट म्हणजे पिन वर, ५ व्होल्टवर नेणे. केबल बरोबर जोडूनही प्रोग्रॅमर एव्हीआरच्याच रीतीने रीसेट देत असेल, तर चिप प्रोग्रॅमिंगच्या अवस्थेत जातच नाही. म्हणून प्रोग्रॅमरमधले फर्मवेअर आणि संगणकावरचे सॉफ्टवेअर, दोन्ही एटी८९एस मालिका चालवणारी हवीत, आणि सॉफ्टवेअरमध्ये चिप निवडताना नेमके एटी८९एस५२ हेच नाव निवडलेले हवे. या चिपला प्रोग्रॅमिंगच्या वेळीही बाहेरचा क्रिस्टल लागतो आणि प्रोग्रॅमिंगच्या घड्याळाची मर्यादा क्रिस्टलच्या एक षोडशांश आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल तर साधारण ६९० किलोहर्ट्‌झ. ब्रेडबोर्डावर क्रिस्टल चिपच्या अगदी जवळ बसवा. पिन क्रमांक ३१ पाच व्होल्टला जोडलेली आहे का तेही पाहा. ती मोकळी राहिली तर फाइल नीट जाऊनही प्रोग्रॅम चालत नाही.

शेवटी चिपवरची अक्षरे पुन्हा वाचा. एटी८९सी५१ असे असेल, म्हणजे 'एस'च्या जागी 'सी' असेल, तर त्या चिपमध्ये बोर्डावर असताना प्रोग्रॅम टाकण्याची सोयच नसते. तिला समांतर प्रोग्रॅमर आणि बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्यासाठी नवे साधन घेण्यापेक्षा एटी८९एस५२ लावणे स्वस्त पडेल. दोन्हींच्या ४० पिनांची मांडणी जुळते, त्यामुळे बोर्डावर काहीही बदलावे लागणार नाही.